प्रकल्प नोंदी: बारा तालुके, बारा आडव्या पट्ट्या

२ जून

शाहूपुरीतल्या एका अभ्यासिकेचं काम घेतलं. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत बसून असतात. त्यांच्यासाठी सर कोल्हापूर जिल्ह्याची माहितीपुस्तिका काढतायत. आकार ए फाइव्ह, आतली पानं सिंगल कलर, वाटप २६ जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी. माझ्याकडं त्यातले आलेख. सगळ्यात मोठा तालुकावार लोकसंख्येचा, आणि तोच फ्लेक्स करून भिंतीवरही लावायचाय. म्हणून चित्र व्हेक्टर हवं, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांच्या मापांनी साठवलेलं. एकदा काढलं की पुस्तिकेत वीतभर, भिंतीवर पुरुषभर, आणि कडा दोन्हीकडं सारख्याच धारदार. फॉरमॅट एसव्हीजी. २००१ पासून ते डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत मानक आहे आणि फाइल उघडून बघितली तर आत नुसता मजकूर असतो: इथं चौकोन, एवढा रुंद, एवढा उंच, हा रंग.

सरांनी वहीत उभे खांब काढून दिलेत. खाली बारा नावं तिरकी, 'हातकणंगले' शेजारच्या 'शिरोळ'च्या अंगावर रेललेलं. मराठी नाव तिरकं केलं की शिरोरेखेचा जिना होतो आणि वाचणाऱ्याची मान वाकडी. पट्ट्या आडव्या घेतल्या की नावं डावीकडं सरळ, एकाखाली एक.

सर म्हणाले, "मॅडम, पुस्तकात याला स्तंभालेख म्हणतात. स्तंभ आडवा कसा असेल?"

मुद्दा बिनतोड आहे. आडवा स्तंभ म्हणजे पडलेला खांबच. तरी पट्ट्या आडव्याच राहणार.

३ जून

आकडे २०११ च्या जनगणनेचे. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळं हेच शेवटचे. पुढं नवे आले की नुसती फाइल बदलून आलेख पुन्हा निघाला पाहिजे, म्हणून सगळं सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, ठेवायचं आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या स्क्रिप्टनं वाचायचं ठरवलं.

टाइप करायला आमच्या शिकाऊ मुलाला बसवलं. पहिल्याच फेरीत करवीर तालुक्याची लोकसंख्या दहा निघाली. फक्त दहा माणसं. त्यानं १०,३७,७१३ असं आपल्या सवयीनं स्वल्पविराम घालून लिहिलं होतं, आणि सीएसव्हीला स्वल्पविराम म्हणजे पुढचा रकाना. हातकणंगल्यात आठ माणसं उरली होती. स्वल्पविराम काढायला लावले. एक गंमत मात्र कळली: आकडे देवनागरीत लिहिले तरी पायथनचं इंट, म्हणजे मजकुराची संख्या करणारं फंक्शन, ते बिनतक्रार वाचतं. '१०३७७१३' दिलं की सरळ संख्या हातात. मी त्यासाठी अंक बदलून घेणारं फंक्शन लिहायला बसले होते, ते पुसलं.

मग बेरीज. जिल्ह्याची ३८,७६,००१ यायला हवी, आली ३८,७६,०५५. चोपन्न जास्त. माझे वडील लक्ष्मीपुरीत अडत दुकानावर दिवाणजी होते. ताळा चुकला की ते पहिल्यांदा फरकाला नवानं भागायचे. नि:शेष भाग गेला तर बहुतेक कुठंतरी शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. ५४ भागिले ९, सहा. म्हणजे एकक-दशकाची अदलाबदल, आणि त्या दोन अंकांत सहाचा फरक. शेवटच्या दोन अंकांत सहाचा फरक असलेला आकडा बारांत एकच होता, पन्हाळा: २,५९,४१७ च्या जागी २,५९,४७१. मुलगा माझ्याकडं जादूगाराकडं बघावं तसं बघत होता. श्रेय दिवाणजींचं.

बेरजेची तपासणी स्क्रिप्टमध्येच घातली. ३८,७६,००१ आली नाही तर चित्र काढायचंच नाही, थांबायचं.

५ जून

पहिला प्रयत्न मॅटप्लॉटलिबनं, म्हणजे पायथनसाठीच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीनं (तयार कोडच्या संचानं), कारण तेच हाताखालचं. आडव्या पट्ट्यांना त्यात बारएच आहे, एका ओळीत काम होतं. पहिली अडचण किरकोळ: यादीतलं पहिलं नाव सगळ्यात खाली जातं, कारण त्याचा उभा अक्ष गणिताच्या वहीसारखा खालून वर वाढतो. अक्ष उलटा केला की झालं.

दुसरी किरकोळ नाही. 'शिरोळ'ची वेलांटी श सोडून र ला जाऊन चिकटली. 'गडहिंग्लज'मधला ग पाय मोडून एकटा उभा आणि ल त्याच्या पलीकडं, जोडाक्षर नाहीच. 'पन्हाळा'चीही तीच गत. 'करवीर', 'कागल', 'आजरा', 'चंदगड' मात्र छान. म्हणजे नमुना म्हणून कुणी करवीर घेऊन बघितला तर वाटावं, मराठी चालतंय की.

कारण असं. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमानं साठवतात त्याच क्रमानं दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनाच्या नंतर असते, दिसताना आधी येते. जोडाक्षराला फॉन्टमधून वेगळा आकार उचलावा लागतो. हे जुळवणीचं काम ब्राउझरमध्ये हार्फबझसारखा वेगळा भाग करतो. माझ्या मशीनवरच्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्तीत तो टप्पाच नाही, ते जुन्या छापखान्यातल्यासारखे एकामागून एक खिळे लावत जातं. आणि एसव्हीजी लिहिताना मूळ सेटिंग असं की अक्षरं अक्षरं म्हणून न जाता आकार म्हणून जातात. म्हणजे मोडलेली जुळणी कायमची गोठली, पुढं कुणालाही दुरुस्त करता येणार नाही.

एसव्हीजी फॉन्टटाइप नावाचं ते सेटिंग 'नन' केलं. मग मजकूर मजकूर म्हणूनच फाइलीत जातो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. 'शिरोळ' शिरोळ झालं. पण नावांसाठी डावीकडं किती जागा सोडायची हे लायब्ररी अजून त्या मोडक्या जुळणीच्या रुंदीवरूनच ठरवते, त्यामुळं समास अंदाजपंचे. शिवाय दर वेळी फाइल काढली की आतल्या खुणा आणि तारीख बदलतात, आलेख तोच असला तरी गिट, म्हणजे फाइलींतले बदल टिपणारं साधन, म्हणतं सगळं बदललं. त्या खुणा पक्क्या करणारं हॅशसॉल्ट नावाचं सेटिंग ठरवून आणि तारीख काढून टाकून तेही गप्प बसवता येतं. येतं सगळंच, पण बारा चौकोनांसाठी किती जणांची मनधरणी करायची?

६ जून

पायगल. ही लायब्ररी मुळातच एसव्हीजी काढणारी, मजकूर मजकूरच ठेवते, आणि हॉरिझॉन्टलबार नावाचा तयार आलेख तिच्यात आहे. ब्राउझरमध्ये फारच देखणं आलं. पट्टीवर माउस नेला की आकडा उमटतो. शिकाऊ मुलगा खूश, "ताई, हेच द्या की."

वेबसाइटसाठी असतं तर दिलं असतं. पण रंग, जाडी, फॉन्ट सगळं तिनं फाइलीच्या डोक्यावर एका स्टाइलच्या गठ्ठ्यात ठेवलेलं असतं, आणि माउससाठी बाहेरच्या जावास्क्रिप्टचा दुवा. प्रेसमधल्या सॉफ्टवेअरला तो गठ्ठा कळला नाही. फाइल उघडली तर पान अथपासून इतिपर्यंत काळं. प्रेसच्या अण्णांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खाली एकच ओळ: "लाईट गेलीया काय?"

९ जून

शनिवार-रविवार विचार करून ठरवलं, हातानं काढायचं. एसव्हीजीराइट नावाची साधी लायब्ररी आहे. तिला आलेख वगैरे काही कळत नाही, फक्त चौकोन, रेघ, मजकूर. लिहिलेला प्रत्येक गुणधर्म मानकात बसतो का एवढं ती बघते आणि नसेल तर तिथंच अडवते. नव्या सोयी तिच्यात आता येत नाहीत, पण चौकोनात नवीन काय येणार आहे?

पानावर मला ११६ मिलिमीटर रुंदी मिळणार. व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राच्या आतल्या मोजमापाची चौकट, तीही ११६ बाय ९८ घेतली, म्हणजे चित्रातलं एक एकक म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर. मग प्रमाण: लायब्ररीला सांगितलं असतं तर तिनं सगळ्यात मोठी पट्टी उपलब्ध जागेत ताणून बसवली असती आणि प्रमाण काहीतरी विचित्र अपूर्णांक झालं असतं. त्यापेक्षा नकाशासारखं ठरवलं, लाखाला सात मिलिमीटर. करवीर ७२.६४ मिलिमीटर. हातकणंगले ८,०७,७५१, म्हणून ५६.५४. शिरोळ ३,९१,०१५, २७.३७. आणि शेवटी गगनबावडा, ३५,७७२ माणसं, अडीच मिलिमीटर. डावीकडं २५ नावांना, उरलेली जागा पट्टीच्या टोकाशी आकड्याला. पट्टीची जाडी साडेचार, मधली फट अडीच, म्हणजे सात-सात मिलिमीटरवर एकेक तालुका. बारा साते चौऱ्याऐंशी, वर शीर्षकाला चौदा, झाले अठ्ठ्याण्णव. पाढे येत असले की लायब्ररी कमी लागते.

आणखी एक गोष्ट आज करताना लक्षात आली. एसव्हीजीत शून्य डावीकडं वरच्या कोपऱ्यात असतं आणि उभं माप खाली वाढतं. उभ्या खांबांना याचा त्रास होतो: खांब खालून वर जायला हवा, म्हणून दर वेळी तळातून उंची वजा करत बसायचं. आडव्या पट्टीला हे काहीच नाही. डावी कड सगळ्यांची एकच, रुंदी म्हणजे आकडा गुणिले प्रमाण, आणि पहिला तालुका आपोआप सगळ्यात वर. आपण वाचतो तसंच, डावीकडून उजवीकडं, वरून खाली. अख्खं चित्र काढणारा भाग सतरा ओळींत संपला.

१० जून

आज दिवसभर अक्षरं.

नाव पट्टीच्या बरोबर मध्यावर यायला हवं. त्यासाठी एसव्हीजीत डॉमिनंट बेसलाइन नावाचा गुणधर्म आहे, पण तो पाळणं न पाळणं ज्या त्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. भरवशाचा उपाय म्हणजे मजकूर थोडा खाली ढकलायचा. सगळीकडं ०.३५ एम सांगतात (एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं माप), पण तो हिशोब रोमन अक्षरांचा, जी खालच्या रेघेवर उभी असतात. आपली शिरोरेखेला टांगलेली. त्यात 'शिरोळ'ची वेलांटी वर जाते, 'भुदरगड'चा उकार खाली लोंबतो. मात्रा-उकार सोडून फक्त शिरोरेखा ते तळ एवढीच उंची धरली आणि तिचा मध्य पट्टीच्या मध्यावर आणला. माझ्या फॉन्टला ०.३ बसलं. नावं उजवीकडून जुळवली, टोक पट्टीपासून दीड मिलिमीटरवर. डावीकडून जुळवली तर 'आजरा' आणि त्याची पट्टी यांच्यात केवढं मैदान पडतं.

आकड्यांचे स्वल्पविराम. पायथन तीन-तीनचे गट पाडतं, करवीरला १,०३७,७१३ करतं. दशलक्षात मोजणारं इथं कोण आहे? चार ओळींचं फंक्शन लिहिलं: शेवटचे तीन अंक वेगळे, उरलेल्यांचे मागून दोन-दोन, मग सगळे देवनागरीत.

ल आणि श. ब्राउझरला भाषा सांगितली नाही तर काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. फाइलीच्या माथ्यावर भाषा एमआर, म्हणजे मराठी, लिहिली की ज्या फॉन्टात सोय आहे तो मराठी वळण देतो. छपाईसाठी मात्र ज्याचे मूळचेच ल-श मराठी आहेत असाच फॉन्ट घेतला, कुणाच्या सोयीवर अवलंबून राहायला नको. कागल, गडहिंग्लज, हातकणंगले, शिरोळ, शाहूवाडी. बारांत पाच नावं, डोळ्यांना लगेच खटकतं.

अक्षाची रेघ आणि खालचे लाखांचे आकडे काढून टाकले. प्रत्येक पट्टीच्या टोकाला नेमका आकडा आहे, मग खाली पुन्हा फूटपट्टी कशाला.

१२ जून

सर येऊन बसले. दोन मागण्या.

एक, क्रम सरकारी यादीचा हवा. मी दोन्ही छापून समोर ठेवले. सरकारी क्रमात पट्ट्या मोडक्या कंगव्यासारख्या दिसतात. उतरत्या क्रमात पहिल्या दोन पट्ट्या लांब जातात आणि मग एकदम कडा तुटल्यासारखी घसरण. सरांनीच कॅलक्युलेटर काढला: करवीर आणि हातकणंगले मिळून १८,४५,४६४, जिल्ह्याचे ४७.६ टक्के. एकात कोल्हापूर शहर, दुसऱ्यात इचलकरंजी. "हे पोरांना विचारता येईल," म्हणाले, आणि क्रमाचा विषय संपला. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न सापडला की तो भांडत नाही.

करवीरच्या पट्टीत शहराचा भाग गडद दाखवावा का यावरही बोलणं झालं. शहराची लोकसंख्या ५,४९,२३६, तालुक्याच्या निम्म्याहून जास्त. पण एकाच पट्टीचे दोन तुकडे केले की बाकीच्यांचे का नाहीत हे सांगत बसावं लागतं. सोडलं. तळटीपेत घालतील.

दोन, गगनबावडा फारच बारीक दिसतो. "तिथला एक मुलगा आहे आपल्याकडं, त्याला काय वाटेल?" करवीरची पट्टी मध्ये नागमोडी रेघेनं तोडून लहान करता येईल का? याला नाही म्हटलं. पट्टीत लांबी हाच आकडा असतो. तोडलेली पट्टी म्हणजे कापलेल्या वजनानं केलेलं माप. करवीर गगनबावड्याच्या एकोणतीसपट आहे, तर पट्टीही एकोणतीसपटच हवी. गगनबावडा बारीक दिसतो कारण तिथं माणसं थोडी आहेत. तिथल्या पावसाचा आलेख काढा, मग बघा बाकीच्यांचं काय होतं.

सरांना जाताना प्लेफेअरचं सांगितलं. पट्ट्यांचा आलेख पहिल्यांदा लोकांसमोर आणणारा म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाचं नाव घेतात. १७८६ मध्ये त्यानं स्कॉटलंडची सतरा ठिकाणांशी असलेली आयात-निर्यात दाखवली आणि त्या पट्ट्या आडव्याच होत्या. वर्षावर्षाची चढउतार दाखवणाऱ्या रेघा त्याला जास्त आवडायच्या, पण स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडं एकाच वर्षाचे होते. आपल्याकडंही एकाच वर्षाचे. सर हसले, "म्हणजे स्तंभ जन्मतःच आडवा होता म्हणा की."

१३ जून

प्रेसला पहिली फाइल. अण्णांचा फोन, "ताई, चित्र पानाच्या भाईर चाललंय."

चूक माझी. ब्राउझरमध्ये बघताना मी फाइलीची रुंदी पिक्सेलमध्ये ४३८ लिहिली होती आणि तशीच राहिली. ब्राउझर एका इंचात ९६ पिक्सेल धरतो, तेव्हा ते ११६ मिलिमीटर होतं. प्रेसच्या सॉफ्टवेअरनं इंचाला ७२ धरले. ११६ चे झाले १५४, आणि पान १४८ चं. रुंदी-उंची मिलिमीटर लिहून दिली, भांडण मिटलं. व्ह्यूबॉक्सला हात लावावा लागला नाही. तो आतला हिशोब, हा बाहेरचा.

मग दुसरा फोन. फॉन्ट त्यांच्या मशीनवर नाही, त्या जागी दुसराच कुठलातरी आला आणि 'गडहिंग्लज' पुन्हा पाय मोडून बसलं. अण्णांची तीस वर्षं जुन्या फॉन्टांत गेली, जिथं कळ दाबली की त्या आकाराचा खिळा येतो. युनिकोड त्यांच्याकडं आहे, पण नाइलाज म्हणून. "आमच्यात टाइप करून घेतो की नावं, बाराच हाईत." बाराच आहेत हे खरं. पण पुढच्या वेळी आकडे बदलले की क्रम बदलेल, नावं पुन्हा हातानं हलवायची, आणि एक दिवस आजऱ्याच्या पट्टीला भुदरगडचं नाव लागेल.

१६ जून

उपाय: छपाईच्या प्रतीत अक्षरांचे आकार करून द्यायचे. म्हणजे मॅटप्लॉटलिब पहिल्या दिवशी जे करत होतं तेच, फक्त आधी जुळणी नीट करणाऱ्याकडून. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर देवनागरी व्यवस्थित जुळवतं, आणि कमांड लाइनवरून मजकुराचे पाथ, म्हणजे आकार, करून पीडीएफ काढून देतं. स्क्रिप्टच्या शेवटी ती एक ओळ जोडली.

याची किंमत आहे. आकार झालेलं 'शिरोळ' शोधता येत नाही, कॉपी होत नाही, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला वाचून दाखवता येत नाही. म्हणून आता एकाच स्क्रिप्टमधून दोन प्रती निघतात. 'पडदा'मध्ये मजकूर मजकूरच, प्रत्येक चौकोनाच्या आत टायटल म्हणून नाव-आकडा, म्हणजे माउस नेला की दिसतो आणि स्क्रीन रीडरलाही मिळतो. पायगलची ती गंमत जावास्क्रिप्टशिवाय झाली. 'छपाई'मध्ये सगळं गोठलेलं.

१७ जून

पाऊस. दुपारभर वीज नाही. काम शून्य.

१९ जून

सरांचा नवा बेत: याच पद्धतीनं पंचगंगेच्या पातळीचं एक पान. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पावसाळ्यात माणसं एकमेकांना तब्येतीच्या आधी फूट विचारतात. "आपला प्रोग्रॅम आहेच, पट्ट्या काढा."

इथं मात्र मीच आडव्या पट्ट्यांच्या विरोधात गेले. पाणी वर चढतं. त्याला उजवीकडं सरकताना दाखवलं तर कसबा बावड्याचा माणूस हसेल. इथं खांब उभाच हवा, आणि ३९ नि ४३ च्या रेघा आडव्या, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीसारख्या. सर विजयी मुद्रेनं, "म्हणजे स्तंभ!" हो, स्तंभ.

फुटाला दोन मिलिमीटर घेतले. इशाऱ्याची रेघ तळापासून ७८ वर, धोक्याची ८६ वर. इथं ती तळातून वजाबाकी करावी लागलीच, आणि पहिल्या फेरीत विसरलेही: धोक्याची रेघ इशाऱ्याच्या खाली आली होती. मधलं अंतर फक्त आठ मिलिमीटर. ज्यानं ते चार फूट चढताना बघितलेत त्याला ते आठ मिलिमीटर पुरतील.

२१ जून

प्रूफ आलं. पट्ट्या करड्या हव्यात, त्या करड्याच दिसतायत, पण अण्णांनी भिंग लावून दाखवलं. एसव्हीजीतला रंग पडद्याचा, लाल-हिरवा-निळा. प्रेसच्या चार शाईंत त्याचं रूपांतर झालं की साधा करडाही चार शाईंचं मिश्रण होतो. एका रंगाच्या कामात प्लेट एकच, मग बाकीच्या तीन शाईंचा वाटा गळतो आणि पट्टी फिकी पडते. अण्णांनी सगळं निवडून फक्त काळ्याचे ६० टक्के केलं. दोन मिनिटं. ही गोष्ट स्क्रिप्टमध्ये करता येत नाही, म्हणून प्रेसच्या चिठ्ठीत ठळक लिहून ठेवली.

आकडा पट्टीच्या आत पांढऱ्यात का नाही घातला, असं त्यांनी विचारलं. अडीच मिलिमीटरच्या पट्टीत ३५,७७२ कुठं बसणार? आणि अकरा आत, एक बाहेर, हे बरं दिसत नाही. "व्हय, मग समदं भाईरच बरं," म्हणाले, आणि चहा सांगितला.

२३ जून

फ्लेक्स. सहा बाय पाच फूट. सगळ्याला पंधरानं गुणलं: ११६ चे १७४०, ९८ चे १४७० मिलिमीटर, चारी बाजूंनी थोडा समास राहतो. लाखाला १०५ मिलिमीटर. करवीरची पट्टी एक मीटर नऊ सेंटिमीटर, गगनबावडा पावणेचार सेंटिमीटर. यासाठी स्क्रिप्टमध्ये बदल काहीच नाही, फक्त बाहेरची रुंदी-उंची.

फ्लेक्सवाल्यानं जेपीजी मागितली, म्हणजे ठिपक्यांचं चित्र. तीन आठवडे व्हेक्टरसाठी घासाघीस करून शेवटी जेपीजी! पीडीएफ घ्या म्हटलं, मशीनवर चढवताना तुमचं तुम्ही इंचाला ७२ च्या हिशोबानं ठिपक्यांत फोडा. घेतली. सहा फुटांना ५१८४ ठिपके, पाच हातांवरून बघायला भरपूर.

२५ जून

पुस्तिका बांधून आल्या. अभ्यासिकेला पोचवल्या. स्क्रिप्ट, सीएसव्ही, फॉन्टची प्रत, प्रेसची चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये. फॉन्ट विसरला की दोन वर्षांनी सगळं असूनही काही नसतं.

२७ जून

बिल द्यायला अभ्यासिकेत गेले. काल जयंतीला फ्लेक्स लावलाय, दाराच्या समोरच्या भिंतीवर. दोन पोरं चप्पल काढून बाकावर उभी. एक चंदगडचा, एक शाहूवाडीचा. चंदगड १,८७,२२०, शाहूवाडी १,८५,६६१, फरक १,५५९. लांबून दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. आकडे शेजारीच लिहिलेत, पण त्यांना ते पुरेसे नव्हते. चंदगडच्यानं कंपासपेटीतली फूटपट्टी काढली, दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना लावली आणि नाक फ्लेक्सला टेकवून ओरडला, "दीड मिलिमीटर!"

माझ्या हिशोबानं १.६४ यायला हवं. बरोबर आहे.